घरी राहा म्हटलं होतं, घरी बसा नव्हे

मे 2020 मध्ये लॉकडाऊनचा चौथा टप्पा सुरू झाला आणि रोज फोनवर तेच वाक्य ऐकू येत होतं, "डॉक्टर, लॉकडाऊनमुळे शुगर वाढली." मला हे मान्य नाही. शुगर वाढते ती चुकलेल्या गोळीने, बंद पडलेल्या चालण्याने आणि 'रामायण' बघताना संपलेल्या फरसाणाच्या पुडीने.

"दवाखाना बंद होता म्हणून गोळी थांबवली" हे तर ऐकवतच नाही. औषधांची दुकानं पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक सेवेत होती. 25 मार्च 2020 लाच सरकारने डॉक्टरांना फोनवर सल्ला देऊन औषध लिहून देण्याचे नियम जाहीर केले. चिठ्ठी मोबाइलवर येते. ज्याचा रोजगारच गेला, त्याचं कारण खरं आहे. त्याला मी बोलणार नाही. त्याने गोळी बंद करण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावं. पण ज्यांच्या घरी महिन्याचा किराणा आठ दिवसांत भरला गेला, त्यांना गोळ्यांची पट्टी तेवढी आणता आली नाही?

माजरीत तर लॉकडाऊनमध्येही कोळशाच्या खाणी चालूच होत्या. पाळीवर जाणाऱ्यांचं चालणं थांबलेलं नव्हतं, त्यांची अडचण वेगळी आहे. रात्रपाळीहून आल्यावर गोळी घ्यायची आणि न जेवता झोपायचं, असं काहीजण करतात. जेवणाआधीची गोळी घेतली तर जेवायलाच हवं. नाहीतर झोपेतच साखर 70 च्या खाली जाईल आणि घरच्यांना वाटेल, दमून झोपलाय.

आता काढा. आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यात काढ्यात चवीपुरता गूळ घाला असं आहे. त्याच सल्ल्यात मधुमेह्यांनी च्यवनप्राश बिनसाखरेचा घ्यावा असंही आहे, ते कुणी वाचत नाही. दिवसातून तीनदा गुळाचा काढा पिऊन प्रतिकारशक्ती वाढत नाही, साखर मात्र नक्की वाढते. गूळ नैसर्गिक असला तरी तुमच्या रक्ताला तो साखरच. मधही तसाच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत मिळत होता. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो. आपल्याकडे भात आधीच जास्त, त्यात ही भर. भात सोडा असं मी म्हणत नाही, गरिबाला ते सांगणं म्हणजे चेष्टा आहे. एक मूद कमी करा, वरण घट्ट करा, अंबाडीची नाहीतर भेंडीची भाजी वाढवा, एका वेळी ज्वारीची भाकर खा. आंब्याचा रस वाटीभर नको. दोन फोडी खा आणि त्या दिवशी भात कमी घ्या.

चालायला रस्ता लागतो हेही खोटं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत जेवणानंतर पंधरा मिनिटं येरझाऱ्या घाला, दिवसातून तीनदा. बायकांनो, स्वयंपाकघरातली उभी कामं यात धरू नका. अंगणात किंवा गच्चीवर चालायचं तर उजाडताच, आणि चप्पल घालून. ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे त्यांना मे महिन्याची तापलेली गच्ची चटका देते आणि कळतही नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा.

इन्सुलिनचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. फ्रीज नसेल किंवा लाइट जात असेल तर बाटली झाकणाच्या प्लॅस्टिक डबीत घालून मातीच्या माठात ठेवा, पाणी आत जाता कामा नये. फ्रीझरमध्ये कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं असतं.

आणि ताप, उलट्या असतील, किंवा साखर 300 च्या वर दिसत असेल, तर कुठलंही कारण सांगत घरी थांबू नका. इन्सुलिन मनाने बंद करू नका. फोन करा, नाहीतर सरळ दवाखाना गाठा.