वाकड्या भिंतींची साक्ष

घराचा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात दोन-तीनदाच नीट पाहिलेला असतो. फ्लॅट घेताना, कर्जाच्या फाइलमध्ये, आणि भावाभावांत वाटणी निघालीच तर वकिलाच्या टेबलावर. त्यातल्या रेघा इतक्या सरळ असतात, की घरही तसेच सरळ असणार असे आपण धरून चालतो. जुने घर तसे जवळजवळ कधीच नसते.

हल्ली जुन्या वास्तूंचे मोजमाप घेणारे केवळ टेप आणि ओळंब्यावर विसंबत नाहीत. तिपाईवर बसवलेले एक यंत्र खोलीच्या मधोमध गरगर फिरते आणि चहूकडे लेसरचा किरण फेकते. किरण भिंतीवर आपटून परत आला की त्यावरून भिंतीचे अंतर कळते. सेकंदाला लाखो ठिपक्यांची अशी नोंद होते. मग यंत्र पुढच्या खोलीत. दोन्ही खोल्यांतून दिसणाऱ्या खुणा जुळवून सगळे ठिपके एकत्र आणले, की संगणकावर ठिपक्यांचे अख्खे घर तरंगू लागते. कपाटाला मोठा आरसा असेल तर यंत्र चक्क फसते आणि आरशापलीकडे आणखी एक खोली दाखवते! ती खोली माणसाने पुसायची.

पण ठिपके म्हणजे नकाशा नव्हे. नकाशासाठी हे ठिपक्यांचे घर जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आडवे कापायचे. अळूवडीचा उंडा कापल्यावर आतली वेटोळी दिसावीत, तशा त्या कापावर भिंती, दारे, खिडक्या दिसतात. त्यावरून रेघ ओढायची. खरी गोम इथे आहे. ठिपके एका रेघेत नसतातच. कुठे गिलावा फुगलेला, कुठे कॅलेंडर टांगलेले, तर कुठे फडताळामागची भिंत यंत्राला दिसलेलीच नाही. कोपरा काटकोनाला दोन अंश कमी भरतो. आता रेघ कोणती खरी मानायची? संगणक आपणहून रेघा ओढून देतो, पण काटकोनाकडे ओढा असलेल्या आज्ञावल्या त्या बहुधा सरळ करून देतात. घाईत असलेला माणूसही तेच करतो, कारण सरळ रेघ दिसायला बरी आणि क्षेत्रफळ काढायला सोपी.

या सरळपणात काय हरवते, हे पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलवरून समजते. अमेरिकेतल्या व्हॅसार कॉलेजातले कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी २०१० साली पन्नासहून अधिक जागी यंत्र मांडून ही वास्तू मोजली. शंभर कोटींहून अधिक ठिपके जमले. पश्चिमेकडच्या भागात खांब एका ओळीत येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. तिथे उभे असलेले जुने बांधकाम पाडण्याऐवजी गवंड्यांनी त्याला वळसा घालून काम पुढे नेले असावे, असे टॅलन यांना वाटले. याउलट वरच्या भिंती शतकानुशतके जागच्या हलल्या नव्हत्या. म्हणून बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी मागाहून लावलेल्या नसून मुळापासूनच होत्या, असे त्यांनी मांडले. ठिपके सरळ करून टाकले असते, तर आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची ही साक्षच उरली नसती.

टॅलन २०१८ मध्ये वारले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर जळाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. पुनर्बांधणीच्या वेळी टॅलन यांची मोजमापे हाताशी होती. पण छपराच्या लाकडी सांगाड्यासाठी रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या वास्तुविशारदांनी आगीच्या काही वर्षे आधी, तुळयांमध्ये शिरून केलेली रेखाटनेही तितकीच मोलाची ठरली. मला यात विशेष वाटते ते हे, की यंत्र आले म्हणून माणूस सुटला नाही.

आपल्याकडच्या वाड्यांना तर हे अधिकच लागू आहे. पुनर्विकासात वाडा पाडला, की त्याचा नकाशा एवढाच त्याचा अवशेष. यंत्राला फक्त पृष्ठभाग दिसतो, भिंतीच्या पोटातले नाही. समजा, माजघर आणि शेजारची खोली यांच्या पृष्ठभागांमध्ये पाच फुटांचे अंतर निघाले. संगणकावर बसलेला तरुण तिथे जाड भिंत काढून मोकळा होईल. प्रत्यक्षात तिथे बुजवलेले बळद असेल, किंवा भिंतीच्या जाडीत लपवलेला जिना. नकाशात ती भिंत म्हणून गेली, की ती जागा कायमची भिंतच. पुन्हा बघायला वाडा कुठे असणार? वाटणीच्या वेळी हेच पाच फूट कोणाच्या हिश्शात धरायचे, हा वाद वेगळाच.

तेव्हा ज्यांच्या घराचे असे मोजमाप व्हायचे आहे, त्यांनी नुसत्या सुबक नकाशावर समाधान मानू नये. ठिपक्यांची मूळ फाइल करारातच मागून घ्यावी. कुठली रेघ मोजलेली आणि कुठली अंदाजाने ओढलेली, हे नकाशावर वेगळे दाखवायला सांगावे. आणि यंत्र येईल त्या दिवशी, त्या घरात लहानाची मोठी झालेली एखादी आत्या हयात असेल, तर तिला दोन दिवस आधीच माहेरी बोलावून घ्यावे.