मोठे होण्याच्या कथा आणि तात्पर्याची घाई

लहान मुलांविषयीची कथा वाचताना आपणां वाचकांना एक सवय जडलेली आहे. कथा संपली रे संपली, की आपण विचारतो : मग मुलगा शिकला काय? 'स्वभावचित्र रेखाटा' आणि 'कथेतून मिळणारा बोध लिहा' या दोन प्रश्नांनी शाळेत ही सवय लावली. शाळा सुटली तरी ती सुटत नाही. पुढे समीक्षेची भाषा अवगत झाली, की त्याच बोधाला आपण 'निरागसतेकडून जाणिवेकडे होणारा प्रवास' म्हणू लागतो. तात्पर्य तेच, केवळ वेष बदललेला.

आमचे म्हणणे असे, की मोठे होण्याच्या उत्तम कथा मूल काय शिकले हे सांगण्यासाठी लिहिलेल्या नसतात. मुलाला जेवढे कळते आणि वाचकाला जेवढे कळते, या दोहोंमध्ये एक अंतर असते. कथा त्या अंतरात घडते. ते न मोजता पात्राकडे गेले, तर पात्र हाती लागत नाही. हाती लागतो तो एक आदर्श विद्यार्थी.

प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) घ्यावी. चार-पाच वर्षांचा, आईबाप नसलेला हामिद ईदच्या जत्रेला जातो. सोबतचे मुलगे शिपाई, भिश्ती, वकील अशी मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद मात्र आपल्या ३ पैशांचा चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटे भाजतात. ही कथा पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवली जाते आणि तिचा बोध ठरलेला असतो : त्याग, समजूतदारपणा, वडीलधाऱ्यांविषयी प्रेम. यांतले काहीही खोटे नाही. परंतु प्रेमचंदांनी लिहिलेला हामिद याहून कितीतरी अधिक जिवंत आहे. त्याला मिठाई हवी असते. रेवडी पुढे करून मित्र त्याची चेष्टा करतात, तेव्हा तो दुखावतो आणि मिठाई खाणाऱ्यांना फोड येतील अशी मनातल्या मनात सोय लावतो. चिमटा घेताना आजी किती दुवा देईल याचेही चित्र तो रंगवतो. म्हणजे कौतुकाची भूक त्याला आहेच. नंतर चिमट्याच्या शौर्याचे असे काही पोवाडे गातो, की मित्रांना आपापली खेळणी फिकी वाटू लागतात. हा वाद तो सत्याच्या बळावर जिंकत नाही, वाक्चातुर्याच्या बळावर जिंकतो. प्रेम, मत्सर, बढाई आणि हिशेब हे सगळे एकाच लहानग्या जिवात एकत्र नांदते. 'स्वभावचित्रा'तून नेमके हेच गाळले जाते.

आणि शेवट? चिमटा पाहून आजी आधी रागावते, मग रडते. कथेत आजी बालिका होते आणि नातू म्हातारा. आजीच्या त्या अश्रूंचे रहस्य हामिदला कळत नाही, हे प्रेमचंद स्पष्टपणे नोंदवतात. वडील पैसे कमवायला गेले आहेत आणि आई अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे, यावर त्याचा अजून विश्वास आहे. त्या दिवशी आजीच्या घरात एकूण २ आणे आहेत. ३ पैसे हामिदच्या खिशात, ५ तिच्या बटव्यात. हे सगळे वाचकाला ठाऊक आहे. म्हणूनच 'हामिद किती समजूतदार' असे म्हणून पुस्तक मिटणे आम्हांला क्रूरपणाचे वाटते. चार वर्षांच्या पोराला म्हातारे व्हावे लागले, ही आनंदाची गोष्ट नव्हे. त्याच्या त्यागाची स्तुती करता करता आपण त्याच्या दारिद्र्यालाच एक नैतिक शाळा ठरवून टाकतो, आणि गरिबाच्या मुलाने हट्ट न करणे हा त्याचा सद्गुण मानू लागतो.

याच कथेशेजारी जेम्स जॉइसची 'ॲराबी' ठेवून पाहावी. ती 'डब्लिनर्स' या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातली. काळ, धर्म, देश सारे वेगळे. पण सांगाडा विलक्षण जुळता. इथेही एक पोरका मुलगा, तोही जत्रेला निघालेला, त्यालाही एका स्त्रीसाठी भेट आणायची आहे. मित्राच्या बहिणीवर त्याचे मुके प्रेम जडले आहे, आणि तुला काहीतरी आणीन असे तो तिला बोलून गेला आहे. पण पैसे देणारे काका विसरतात; रात्री ९ वाजता पिऊन घरी येतात. मुलगा पोहोचतो तेव्हा १० ला १० मिनिटे कमी असतात, दुकाने बंद होत असतात, २ शिलिंगांतला १ शिलिंग प्रवेशालाच गेलेला असतो. तो काहीही न घेता अंधारात उभा राहतो आणि स्वतःला पोकळ अहंकाराने नाचवलेला एक तुच्छ प्राणी म्हणून पाहतो.

समीक्षक या क्षणाला साक्षात्कार म्हणतात; मुलाचा भ्रम फिटला, तो मोठा झाला. आम्हांला शंका आहे. काका विसरले, जत्रा उठली, खिशात थोडेच पैसे उरले होते. यांत मुलाचा अपराध कोणता? तरी तो सगळा दोष स्वतःच्या माथी घेतो. आपल्याबाबत इतका कठोर निवाडा देणे हे प्रौढपणाचे लक्षण नव्हे, पोरवयाचेच आहे. वाचकाने त्या निवाड्यावर शिक्कामोर्तब करण्याचे कारण नाही. हामिद जिंकतो आणि हा मुलगा हरतो, असे वरवर दिसते. खरे तर मोठ्यांच्या हिशेबातली तूट दोघेही भरून काढतात. एक चिमटा घेऊन, दुसरा स्वतःचा तिरस्कार करून.

रवींद्रनाथांच्या 'छुट्टी'त (१८९२) हा हिशेब अधिकच उघडा पडतो. फटिक गावातला दांडगा मुलगा. मामाबरोबर कलकत्त्याला जायला स्वतःच उतावीळ झालेला. तेथे मामीला तो नकोसा होतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जगात कुठेच नीट जागा नसते, असे कथा थांबवून रवींद्रनाथ सांगतात. घरी कधी जायचे, असे फटिक विचारतो आणि उत्तर मिळते : सुट्टी लागली की. आजारी पडल्यावर मामीला आपला त्रास नको म्हणून तो भर पावसात निघून जातो. अखेर तापाच्या ग्लानीत, आई समोर आलेली असताना, आपली सुट्टी लागली असे तो तिला सांगतो. येथे कोणीही दुष्ट नाही. मामा तर प्रेमळच आहे. फटिक काय शिकला, हा प्रश्न या कथेपुढे विचारूनच पाहावा. त्याची विसंगती आपोआप कळेल.

आपल्या मराठीत तात्पर्याची ओढ बळावण्यास एक कारण घडले असावे. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 'ईदगाह'च्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात लिहिले. तेथे मोठा झालेला श्याम रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो; प्रत्येक प्रसंगाचा अर्थ सांगणाऱ्याने आधीच लावलेला असतो. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. पण मुलाची प्रत्येक गोष्ट त्याच चष्म्यातून वाचायची, हा हट्ट मात्र आपला. प्रकाश नारायण संतांच्या लंपनने ('वनवास', १९९४ आणि पुढील संग्रह) तो चष्मा उतरवला. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा स्वतःच बोलतो. त्याला आत काहीतरी होते, पण त्याचे नाव त्याला ठाऊक नसते. संत ते नाव पुरवत नाहीत. ते दुःख ओळखण्याचे काम वाचकाकडे येते.

मुलांना कथा शिकवताना संस्कारांचे काय, असे कोणी विचारील. संस्कार जरूर व्हावेत. आमची मागणी एवढीच, की 'मूल काय शिकले?' याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत : मुलाला काय कळलेले नाही? ते आपल्याला कसे कळले? आणि जे त्याच्या वाट्याला आले, ते खरे कोणी भरायला हवे होते? वर्गात या प्रश्नांवर बोलणे झाले, तर एखादा असा मुलगाही मान वर करील, ज्याच्या खिशात जत्रेच्या दिवशी तीनच पैसे असतात, आणि ज्याला आजवर हामिदसारखा वाग एवढेच सांगितले गेले आहे. रेवडी मलाही हवी होती, असे म्हणण्याची मुभा त्याला त्या कथेतच मिळेल. प्रेमचंदांनी ती पहिल्यापासून दिलेली आहे.