रिसर्चचा तास कोण मोजणार?

सबमिशनची तारीख जवळ आली की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म यायला लागतात. ‘प्लीज भरा ना, दोनच मिनिटं लागतील, माझा प्रोजेक्ट आहे.’ त्यातले बरेचसे सायकॉलॉजीवाल्यांचे असतात. सोशल मीडिया आणि आत्मसन्मान, परीक्षेचा ताण आणि झोप, एकटेपणा आणि मोबाइल. तुम्ही बसमध्ये उभ्या उभ्या फॉर्म भरता. कंटाळा आला तर प्रश्न न वाचता मधल्या पर्यायावर टिक करत सुटता. पलीकडे कुणीतरी त्याच उत्तरांची सरासरी काढतं, निष्कर्ष लिहितं, स्पायरल बाइंडिंग करून आणतं. मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो.

यात मुलं आळशी आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हा रिसर्च त्यांना शिकवतं कोण, आणि त्या शिकवणाऱ्याला नेमके कशाचे पैसे मिळतात, हे आपण कधी विचारलंय का?

बऱ्याच कॉलेजांत उत्तर एकच आहे : सीएचबीवरचे सर किंवा मॅम. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी भाषेत ‘तासिका तत्त्वावर’. नेट, सेट किंवा पीएचडी झालेली ही माणसं. वर्गात जितके तास घेतले तितक्याच तासांचे पैसे. सुट्टी लागली की पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासिकेमागे १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा मोबदला ठरवला. आकडा कितीही असो, तो ‘तासिकेमागे’ आहे. आणि खरी मेख तिथेच आहे.

कारण रिसर्च तासिकेत शिकता येत नाही. पद्धतींचं लेक्चर ४८ मिनिटांत होतं, मान्य. पण ‘मोबाइलचा परिणाम’ या भल्यामोठ्या विषयातून मोजता येईल असा एक प्रश्न काढणं, प्रश्नावली निवडणं, सहमतीपत्र लिहिणं, आलेला डेटा एकेक ओळ तपासणं, टी-टेस्ट कुठे लावायची आणि कुठे नाही हे समजावणं, ही सगळी कामं समोरासमोर बसून, पुन्हा पुन्हा करायची असतात. समजा एका मॅमकडे २० प्रोजेक्ट आहेत आणि प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास दिला, तर झाले १० तास. ते मस्टरवर कुठेच दिसत नाहीत. मग एक तर मॅम ते फुकट देतात किंवा देऊ शकत नाहीत, कारण त्यांना दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायचा असतो. दोन्ही वेळा ‘मॅम भेटतच नाहीत’ अशी तक्रार आपण करतो, ती त्यांच्याबद्दल. व्यवस्थेबद्दल करत नाही.

इतर विषयांत याचा तोटा मार्कांपुरता राहत असेल. सायकॉलॉजीत राहत नाही, कारण इथे तुमचा कच्चा माल म्हणजे माणसं.

एक उदाहरण बघा. नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली फार वापरली जाते. छोटी आहे, मोफत मिळते, म्हणून विद्यार्थ्यांची लाडकी. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांबद्दल आहे. आता ती गूगल फॉर्ममध्ये टाकून ३०० जणांना पाठवली आणि कुणीतरी रात्री दोन वाजता त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ असं टिक केलं, तर? फॉर्म निनावी आहे. पाठवणारा झोपलाय. मार्गदर्शक मॅमचं कंत्राट कदाचित गेल्या महिन्यात संपलंय. ते उत्तर एक्सेलमध्ये ‘३’ होऊन पडून राहतं. फॉर्मच्या शेवटी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर द्या, आधी कॉलेजच्या समुपदेशकाशी बोलून ठेवा, हे सांगायला कुणीतरी तिथे असायला हवं होतं.

तेच वयाचं. एफवायच्या ग्रुपमध्ये कितीतरी जण १७ वर्षांचे असतात. ज्युनियर कॉलेजात तर जवळपास सगळेच. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत, आणि १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते असं ती सांगतात. फॉर्म फॉरवर्ड करताना हे किती जणांना माहीत असतं?

आणि डेटा? २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयत्न प्रसिद्ध झाला. सायकॉलॉजीतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होते. पुन्हा करताना असे ३६ टक्केच निघाले. त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या डिडेरिक स्टापेल या नामवंत प्राध्यापकाने वर्षानुवर्षं डेटा मनाने रचल्याचं उघड झालं. तो विद्यार्थ्यांच्या हातात तयार डेटा ठेवायचा. ते पकडलं कुणी? त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी, कारण त्यांना आकडे खटकले. आकडे खटकायला नजर लागते. ती कुणाच्या तरी शेजारी बसूनच तयार होते.

आता तर हे काम वाढणारच आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त मार्क असलेल्यांना चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवी रचना २०२४-२५ पासून आली. म्हणजे आत्ता त्या बॅचमध्ये असलेल्यांनो, हा तुमचाच प्रश्न आहे. तुमच्या १२ क्रेडिटना मार्गदर्शक कोण असेल, आणि तुमचं सबमिशन होईपर्यंत तो कॉलेजात असेल का?

म्हणून तीन मागण्या स्पष्ट मांडायला हव्यात. प्रोजेक्ट मार्गदर्शनाचे तास वर्कलोडमध्ये धरा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्याचेही पैसे द्या. त्यांची नेमणूक सेमिस्टरच्या मध्यात नाही, तर प्रोजेक्टची व्हायवा होईपर्यंत ठेवा. आणि फॉर्म बाहेर जाण्याआधी तो नीतिमत्तेच्या अंगाने वाचणारी दोन-तीन जणांची समिती प्रत्येक कॉलेजात असू द्या. स्टुडंट कौन्सिल फेस्टच्या स्पॉन्सरसाठी जितक्या वेळा प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाते, त्यातली एक फेरी यासाठी मारायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. २० जणांनी २० विषय घेऊन प्रत्येकी ३० फॉर्म भरून आणण्यापेक्षा चार-पाच गट करा आणि आधी झालेला एखादा अभ्यास नीट, मोठ्या नमुन्यावर पुन्हा करून बघा. मॅमचा वेळ २० ऐवजी पाच ठिकाणी वाटला जाईल आणि निष्कर्षालाही वजन येईल. अपेक्षित निकाल आला नाही तर तसंच लिहा. ‘फरक आढळला नाही’ हेसुद्धा उत्तर आहे. फॉर्म कमी पडले म्हणून हॉस्टेलच्या रूममध्ये बसून स्वतःच दहा भरू नका. स्टापेलने तेच केलं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आणि पुढच्या वेळी कुणाचा फॉर्म आला, तर वर मार्गदर्शकाचं नाव, सहमतीची ओळ आणि शेवटी मदतीचा नंबर आहे का, ते बघा. नसेल तर भरण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा. न भरता सोडून दिलात तर त्याचा एक फॉर्म कमी होईल. विचारलंत तर तो ते जाऊन मॅमना विचारेल आणि रिसर्चचं शिकणं तिथून सुरू होईल. फक्त तेव्हा मॅम कॉलेजात असायला हव्यात, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना मिळायला हवेत.