पलंगाची कडा दिसली पाहिजे

वाचकहो, गेल्या अंकात आपण स्नानगृहातील आधारदांड्यांचा विचार केला. या वेळी शयनगृहात जाऊ या. विषय वरवर पाहता हौसेचा आहे: घरातल्या जुन्या, साध्या, स्वस्त पलंग-कपाटांना थोडक्या खर्चात नवे रूप कसे द्यावे? परंतु या हौसेकडे मी ज्या वाटेने आले, ती वाट सुखाची नव्हती. म्हणून प्रथम ती हकिगत सांगते.

वडील गेल्यानंतर आई साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आली. येताना तिने एकच हट्ट धरला, तो म्हणजे तिचा पलंग. चाळीस वर्षांपूर्वी आई-वडिलांनी हप्त्याने घेतलेला, प्लायवूडचा, वर फिकट सनमायका लावलेला तो पलंग तसा सामान्यच होता. तो टाकून नवा घ्यावा, असे माझे मत होते. अखेर तिच्या शब्दाखातर तो आणला आणि खोलीशी ‘जुळेल’ अशी साईच्या रंगाची चादर त्यावर घातली. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, पलंग फिकट, चादरही फिकट. खोली कशी प्रशस्त आणि स्वच्छ दिसते, याचे मला मोठे समाधान वाटले.

काही दिवसांनी आई म्हणाली, “अगं, मला पलंगाची कड नीट दिसत नाही बघ.” मी म्हटले, “सवय होईल.” त्यानंतर एका पहाटे ती पाणी पिऊन परत आली, बसावयास गेली आणि कडेच्या अलीकडेच टेकली. तोल सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. तिने मला आधीच सांगितले होते आणि मी ते ऐकले नव्हते, ही टोचणी मात्र प्लास्टर निघाल्यावरही गेली नाही.

आईच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, दुसऱ्याची व्हावयाची होती. वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि आत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. फिकट निळा, फिकट हिरवा, राखाडी अशा छटा एकमेकींत मिसळून जातात. दोन वस्तूंच्या रंगांत पुरेसा फरक नसेल, तर एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे कळत नाही. तरुण डोळ्यांना जी रंगसंगती शांत वाटते, ती वृद्ध डोळ्यांना धुके वाटू शकते. तेव्हा ज्येष्ठांच्या खोलीतील सजावटीचा पहिला नियम हा की, फर्निचर भिंतीत आणि फरशीत विरघळून जाता कामा नये. ते उठून दिसले पाहिजे.

आम्ही पलंग टाकला नाही, रंगवला. रंग आईने निवडला. माझ्या मनात करडा होता, ती म्हणाली, “कुंकवाच्या रंगाचा कर. मला दिसेल.” तिचेच बरोबर होते. पांढऱ्या फरशीवर तो गडद तांबडा पलंग दारातूनच ओळखू येतो.

कामाची रीत साधी आहे. सनमायका असलेला पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसून, त्यावरचा तेलकटपणा काढून, पूर्ण वाळू द्यावा. मग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा. सनमायका काढायचा नसतो, त्याची केवळ चकाकी मोडायची असते, म्हणजे रंग धरून राहतो. टवके उडालेल्या जागी लांबी भरून ती वाळल्यावर सपाट करावी. गुळगुळीत पृष्ठभागावर बसणारा प्रायमर दुकानदाराकडे मुद्दाम मागून त्याचा एक हात द्यावा. त्यानंतर पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. लोखंडी कपाट असेल तर गंज एमरी पेपरने घासून आधी रेड ऑक्साइडचा हात द्यावा लागतो. भुशाच्या दाबीव फळ्यांच्या फर्निचरचे उघडे काठ मात्र पाण्याने पुसू नयेत, ते फुगतात. तेथे कोरडे फडके वापरून काठ प्रायमरने बंद करून घ्यावेत. रंग चकचकीत नको, मॅट किंवा सॅटिन घ्यावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिव्याची झळाळी फार त्रास देते.

काही सावधगिरी येथे आवर्जून सांगते. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगवलेली पेटी, चौरंग किंवा कपाट कोरडे घासू नये. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, मोठ्यांच्या रक्तदाबाला आणि मूत्रपिंडांनाही ती बरी नव्हे. जुना रंग घट्ट असेल तर नुसता पुसून त्यावर नवा रंग द्यावा. पोपडे निघत असतील तर वॉटर पेपर ओला ठेवून घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. जुन्या बाजारातून वस्तू आणणार असाल, तर तिच्या सांध्यांत ढेकूण आणि मागल्या बाजूस वाळवी नाही ना, हे उन्हात पाहूनच ती घरात घ्यावी.

रंगकाम गच्चीत, ओसरीत किंवा हवेशीर ठिकाणी करावे. ते खोलीतच करावे लागले, तर दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला वास पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या खोलीत झोपवावे. पावसाळ्यात हे काम टाळावे, हवेतील ओलाव्याने रंग नीट वाळत नाही.

रंगाचे काम चालू असतानाच उंचीही पाहून घ्यावी. वृद्ध व्यक्ती गादीच्या कडेवर बसली असता तळपाय फरशीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. बहुतेकांना गादीसह अठरा ते वीस इंच उंची सोयीची पडते, तरी मोजमाप त्या व्यक्तीचेच घ्यावे. आमचा पलंग ठेंगणा होता. सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घेतले, वरच्या बाजूस खोबण असलेले, म्हणजे पाय त्यात रुततो आणि सरकत नाही. विटा लावून पलंग उंच करू नये. पलंगाला चाके असल्यास काढून टाकावीत. उंच कपाट लोखंडी कोनपट्टीने भिंतीला पक्के करावे. उठताना माणूस हाताला येईल त्याचा आधार घेतो.

कपाटाच्या खणांना असलेल्या गोल, बारीक मुठी बदलून इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या, चार बोटे आत जातील अशा मुठी लावाव्यात. संधिवाताच्या हाताला त्या फार सुखाच्या वाटतात. मूठही खणाच्या रंगाहून वेगळी असावी.

आता खऱ्या सजावटीविषयी. वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. तांबूस पार्श्वभूमीवरची ती पांढरी रेघ मंद उजेडातही डोळ्याला सापडते. आमच्या कन्येने आईचे छोटे कपाट गेरूच्या रंगाने रंगवून तिच्या खणांवर पांढऱ्या रेघांनी चित्रे काढली: वरच्या खणावर चष्मा, मधल्यावर साडीची घडी, खालच्यावर शाल. ज्यांची स्मृती उणावत आहे, त्यांना अशी खूण शब्दांपेक्षा लवकर उमगते. मात्र चित्रे मोजकी असावीत. दाट वेलबुट्टीच्या चादरी आणि फरशीवरचे गडद ठिपक्यांचे गालिचे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गोंधळात टाकतात. गडद ठिपका त्याला खड्डा वाटू शकतो. पलंगाच्या डोक्याकडील फळीला आईच्या जुन्या खणाच्या कापडाची उशी बांधली आहे, ती बंदांनी सुटते आणि धुता येते.

आणखी एक गोष्ट. ज्यांची खोली आहे, त्यांना विचारल्यावाचून काही बदलू नये. पलंग, उशाचा स्टूल, चष्म्याची जागा यांची ओळख हाताला असते. रंग बदलावा, पण जागा शक्यतो तीच ठेवावी. रात्री एक मंद दिवा पावलांच्या उंचीवर जळत असावा.

प्लास्टरमध्ये हात असताना आई खुर्चीवर बसून आम्हांला सूचना करीत होती: येथे ओघळ आला, तेथे हात राहिला. पलंग खोलीत परत आला त्या संध्याकाळी तिने चांगल्या हाताने त्याची कड चाचपून पाहिली आणि बसली. नंतर म्हणाली, “आता दिसतो.”

आपल्याही घरी आज एवढे करून पाहा. सायंकाळी, दिवे लावण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांच्या खोलीत त्यांच्या पलंगासमोर उभे राहा आणि त्यांनाच विचारा, “कड नीट दिसते का?” आणि ते जे उत्तर देतील, ते ऐका.