थ्रो-इन चुकला, पण पंचांनी खूण कोणती केली? बास्केटबॉलमधल्या एका छोट्या हातवाऱ्याची मोठी गोष्ट

समजा, सावंगी (मेघे) इथल्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामना सुरू आहे. बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभा राहिलेला खेळाडू दोन-तीन पावलं बाजूला सरकतो. शिट्टी वाजते. पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतात, म्हणजे 'ट्रॅव्हलिंग'ची खूण करतात. चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो.

निर्णय बरोबर असू शकतो, पण खूण चुकली. कशी, ते पाहू.

नियम काय सांगतो?

भारतातले अधिकृत सामने 'फिबा' या जागतिक संघटनेच्या नियमांनी होतात. ट्रॅव्हलिंगचा नियम मैदानाच्या आत चेंडू हातात असलेल्या खेळाडूसाठी आहे. थ्रो-इन करणारा मैदानाबाहेर असतो. तो पाय उचलू शकतो, सरळ मागेही जाऊ शकतो.

त्याच्यावरची बंधनं वेगळी आहेत :

- चेंडू 5 सेकंदांत सोडायचा.
- बाजूला एकूण 1 मीटरपेक्षा जास्त सरकायचं नाही. (बास्केट झाल्यावर मागच्या रेषेवरून टाकताना ही अट नसते.)
- चेंडू हातात असताना मैदानात पाय ठेवायचा नाही. रेषेवर पाय पडला तर चालतो, कारण सीमारेषा मैदानाचा भाग नसते.

मग खूण कोणती?

5 सेकंद उलटले तर पाच बोटं. इतर चुकांसाठी, चेंडू कोणाला मिळणार ती दिशा आणि तोंडी कारण. नियमपुस्तिकेतल्या खुणा तेवढ्याच अधिकृत आहेत. त्यामुळे स्वतःची खूण शोधणं किंवा दुसऱ्या चुकीची खूण उसनी घेणं बसत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत हे आणखी महत्त्वाचं ठरतं. तेव्हा चेंडू देण्याआधी पंच सीमारेषेला समांतर हात हलवून बचाव करणाऱ्याला 'रेषा ओलांडू नकोस' अशी ताकीद देतात. त्यानंतरही त्याने ती ओलांडली, तर थेट टेक्निकल फाउल.

एका हातवाऱ्याने काय होतं?

1972, म्युनिक ऑलिम्पिकची अंतिम फेरी. तीन सेकंद शिल्लक, अमेरिका 50-49 ने पुढे. सोव्हिएत संघाचा इव्हान येदेश्को थ्रो-इनसाठी उभा, समोर अमेरिकेचा उंचपुरा टॉम मॅकमिलन. पंचांनी हात हलवला. मॅकमिलनला वाटलं, मागे सरकायला सांगितलंय. तो सरकला. लांब पास गेला, अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केली आणि सोव्हिएत संघ 51-50 ने जिंकला. आपण तसं सांगितलं नव्हतं, असं पंच नंतर म्हणाले. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं स्वीकारलीच नाहीत.

आपल्याला याचं काय?

पंचांची खूण ही स्कोअरर, टायमर, प्रशिक्षक आणि प्रेक्षक या सगळ्यांसाठीची भाषा आहे. नवखे खेळाडू तर नियम पुस्तकातून कमी आणि पंचांच्या हातांकडे बघून जास्त शिकतात. थ्रो-इनला ट्रॅव्हलिंगची खूण झाली, की पुढच्या वेळी तो मुलगा हक्क असूनही पाय हलवायला घाबरतो, आणि तिथेच त्याचे 5 सेकंद संपतात.