स्वयंपाक येतो, मग एम. एस्सी. कशाला?

मुलगी बी. एस्सी. झाली आणि तिने अन्न व पोषण या विषयात एम. एस्सी. करण्याची इच्छा व्यक्त केली, की घरातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात : "स्वयंपाकच शिकायचा, तर तो आईपाशी शिकता येत नाही काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलीची दोन वर्षे आणि कुटुंबाची पुंजी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

डमडममध्ये राहणाऱ्या कुटुंबाला हे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. तेथून मेट्रोने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी चित्तरंजन अव्हेन्यूखालून जातो. याच रस्त्यावर १९३२ साली स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था आहे. १८७७ साली कलकत्त्यात एक विचित्र साथ प्रथम नोंदली गेली, आणि पुढे ती बंगालमध्ये वारंवार उद्भवू लागली. घरातील माणसांचे पाय सुजत, धाप लागे, हृदय दुबळे होऊन कित्येक दगावत. दीर्घकाळ संशय तांदळावर होता. १९३७ साली या संस्थेतील डॉ. लाल आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने तो मोहरीच्या तेलाकडे वळविला. त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे विषारी तेल मिसळलेले असे. या बिया मोहरीसारख्याच दिसतात.

त्या घरांतील गृहिणी सुगरण नव्हत्या काय? अवश्य असतील, परंतु दोष हाताच्या चवीत नव्हता, तेलात होता. तो ओळखण्यास रसायनशास्त्र लागते. म्हणूनच या अभ्यासक्रमात पाककृतींपेक्षा जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रुग्णांचा आहार आणि संख्याशास्त्र यांना अधिक स्थान असते. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : आपले पदवीचे विषय त्या विद्यापीठास मान्य आहेत काय, आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावयास मिळते काय.

या विद्येचा स्वयंपाकघराशी दुरावा असतो, असे मात्र समजू नये. डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले, नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. आणि मराठी घरांसाठी 'आहार-गाथा' हा ग्रंथही लिहिला.

१९९८ साली धोत्र्याच्या भेसळीने दिल्लीत पुन्हा साठाहून अधिक बळी घेतले. कारण ठाऊक होऊन तेव्हा साठ वर्षे उलटली होती. शोध लागणे निराळे आणि तो बाजारातील पिंपापर्यंत पोहोचणे निराळे. हे दुसरे काम करणारी माणसे अजून हवीच आहेत. तेव्हा ताटातील अन्न आईच्या हातचेच असू द्यावे. पण त्याच्या फोडणीत काय पडले आहे, हे सांगू शकणारी मुलगीही घरात असावी.