गाडी चालवू का, डॉक्टर?

गोंदियात भाड्याची गाडी म्हटली की तिच्यासोबत चालक येतो. नागझिऱ्याला जायचे असो, माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जायचे असो की रुग्णाला नागपूरला दाखवायला न्यायचे असो, फोन केला की गाडी आणि चालक दोन्ही दारात उभे राहतात. पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर मागच्या सीटवर उशी ठेवून तो लांब करता येतो. म्हणून बाह्यरुग्ण विभागात एखादा रुग्ण म्हणतो, ‘सर, पुढच्या महिन्यात मुलीकडे लंडनला जातो आहे, तिथून गाडी भाड्याने घेऊन स्कॉटलंड फिरणार आहे,’ तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर हेच चित्र उभे राहते. आपण म्हणतो, ‘जा, पण जपून.’ आणि पुढच्या रुग्णाचा क्रमांक पुकारला जातो.

तिकडे भाड्याची गाडी म्हणजे विमानतळाच्या काउंटरवरून मिळणारी किल्ली. पायाला आठ आठवड्यांपूर्वी प्लेट बसलेला आपला रुग्णच चालक असतो. तो एकटा असेल तर पाय दुखू लागल्यावर स्टिअरिंग हाती घेणारे दुसरे कोणी नसते. ‘जपून’ या शब्दातून त्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. या अंकाच्या वाचकांत अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत, म्हणून हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो आहे. या माणसाला ब्रेक दाबता येतो का, हे त्याच्या प्रवासाच्या साखळीत आपल्याशिवाय कोणीही तपासत नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याकडे परिवहन कार्यालयातून मिळतो. ज्याच्याकडे चालू परवाना आहे त्याला तो वर्षभरासाठी दिला जातो. पूर्वी या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागत असे. जानेवारी २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेने ती अट गेली. त्यामागचा विचार चुकीचा नाही, कारण मूळ परवाना देतानाच शारीरिक क्षमता पाहिलेली असते. पण रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून घसरून घोटा मोडलेल्या माणसाचा परवाना त्या घोट्याबद्दल काहीच सांगत नाही. परदेशातला गाडी देणारा माणूस परवाना, क्रेडिट कार्ड आणि वय बघतो. काउंटरखालचा पाय त्याला दिसत नाही आणि तो पाहणे त्याचे कामही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपच्या मुख्य भूमीवर किंवा अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, गियर उजव्या हाताने बदलतो. पण पायाखालची मांडणी बदलत नाही. क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, ॲक्सिलरेटर उजवीकडे, हे सगळ्या देशांत सारखेच. म्हणून पहिला प्रश्न कोणता पाय, हाच आहे. दुखापत डाव्या पायाला असेल, गाडी ऑटोमॅटिक असेल आणि गुंगी आणणारे औषध चालू नसेल, तर बहुतेक रुग्णांना वाट मोकळी आहे. मात्र युरोपात साध्या भाड्याच्या गाड्या अजून बऱ्याचदा मॅन्युअल असतात. ऑटोमॅटिक गाडी आरक्षणाच्या वेळीच मागावी लागते आणि तिचे भाडेही जास्त पडते. हे आपण सांगितले नाही तर रुग्ण स्वस्तातली गाडी घेतो आणि शहरातल्या गर्दीत दर चौकात दुखऱ्या पायाने क्लच दाबत बसतो.

उजव्या पायाचे उत्तर कठोर आहे. प्लॅस्टर किंवा वॉकिंग बूट असताना गाडी चालवायची नाही, मग ती ऑटोमॅटिक असली तरीही. डाव्या पायाने ब्रेक दाबून निभावून नेऊ असे काही रुग्ण म्हणतात. त्यांना तिथेच थांबवले पाहिजे. वर्षानुवर्षे क्लच दाबलेला डावा पाय ब्रेकवर गेला की तोही तसाच तळापर्यंत दाबला जातो.

प्लॅस्टर निघाल्यावर किती थांबायचे याला आधार आहे. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबायला लागणारा वेळ निरोगी माणसाइतका व्हायला नऊ आठवडे लागतात, असे न्यूयॉर्कच्या इगॉल आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर मोजून २००३ साली प्रसिद्ध केले. उजव्या गुडघ्याच्या सांधेबदलानंतर जुन्या अभ्यासात आठ आठवडे आढळले, नंतरच्या अभ्यासात चार. हे आकडे सरासरीचे आहेत. आपल्यासमोर बसलेला रुग्ण सरासरी असेलच असे नाही. त्याच्या घोट्याची वरची हालचाल अडली असेल, पोटरीची ताकद निम्मी असेल, तर नऊ आठवडे उलटून गेल्याचा त्याला काही उपयोग नाही.

आणि हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. खुर्चीवर बसवून फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा आणि उजवा पाय एका खुणेवरून दुसरीवर जोरात, पुन्हा पुन्हा न्यायला सांगा. वेदनेने पाय अडखळतो का, घोटा वाकण्याऐवजी संपूर्ण पाय खुब्यातून उचलला जातो का, हे दिसते. मग त्याच्याच गाडीत, इंजिन बंद ठेवून, अचानक ब्रेकचा सराव करवून घ्या. हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे आणि ते त्यांच्याकडे सोपवावे. सर्जन टाके काढतो आणि क्ष-किरण पाहतो. पाय कामाला किती लागला आहे ते फिजिओथेरपिस्टला जास्त ठाऊक असते. परदेशातला पहिला किलोमीटर हा दुखापतीनंतरचा पहिला किलोमीटर असता कामा नये. रुग्णाने निदान दोन आठवडे इथे, गोंदियाच्या रस्त्यांवर, सोबत कोणी घेऊन गाडी चालवलेली असावी.

पाय गाडीपर्यंत पोहोचण्याआधीचा प्रवासही आपण मोजला पाहिजे. आपल्याकडून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठायला एक अख्खी रात्र जाते, त्यानंतर लंडनचे विमान नऊ-दहा तासांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘राइट’ प्रकल्पाने २००७ साली सांगितले की चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, आणि हे फक्त विमानाला लागू नाही. रेल्वे, बस, मोटार सगळ्यांना लागू आहे. निरोगी प्रवाशात हा धोका मुळात लहान आहे. प्लॅस्टरमधल्या पायात तो लहान राहत नाही. तरीही प्रत्येकाला सरसकट हेपॅरिनची इंजेक्शने द्यावीत असे नाही. नेदरलँड्समधल्या ‘पॉट-कास्ट’ चाचणीत गुडघ्याखाली प्लॅस्टर असलेल्यांपैकी इंजेक्शने घेतलेल्या गटात १.४ टक्के आणि न घेतलेल्या गटात १.८ टक्के रुग्णांना लक्षणे देणारी गुठळी झाली; दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. पूर्वी गुठळी झालेली, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, स्थूलपणा, असे काही असेल तर मात्र हिशेब वेगळा करावा. ताजे प्लॅस्टर असेल तर पहिले ४८ तास लांबचे उड्डाण टाळावे. टाळताच येत नसेल तर प्लॅस्टर चिरून द्यावे, नाहीतर पायाची सूज आतल्या आत दाबली जाते. पाय लांब करायला जागा मिळेल म्हणून रुग्ण आपत्कालीन दाराजवळची सीट मागतो. ती प्लॅस्टर असलेल्याला देत नाहीत, हे त्याला आधीच सांगावे.

औषधांच्या बाबतीत आपण सर्वांत निष्काळजी आहोत. दुखले तर घ्या म्हणून ट्रॅमाडॉलची पट्टी लिहून दिली जाते. २०१८ पासून ते आपल्याकडेही अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे. इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या नेल्याबद्दल एका ब्रिटिश महिलेला २०१७च्या अखेरीस तीन वर्षांची शिक्षा झाली. आपला रुग्ण कुठल्या विमानतळावर विमान बदलतो आहे हे विचारल्याशिवाय हे औषध लिहू नये. शिवाय त्याने डोळा लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून मॉर्फिन, डायझेपाम अशा औषधांची रक्तातली मर्यादा वाहनचालकांसाठी कायद्यानेच ठरवलेली आहे. ज्या दिवशी गाडी चालवायची त्या दिवशी पॅरासिटामॉलवर भागत नसेल, तर त्या दिवशी गाडी चालवायचीच नाही, एवढे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

हे सगळे वाचून ‘मग प्रवासच रद्द करा’ म्हणणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. मीना प्रभु या पेशाने भूलतज्ज्ञ होत्या. त्यांच्या प्रवासवर्णनांनी मराठी वाचकांच्या एका पिढीला देशोदेशी हिंडण्याची ओढ लावली. समजा, आमगावची एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या पुस्तकांवर पोसलेली आहे, वीस वर्षे पैसे साठवून एकटी निघते आहे आणि निघण्याआधी तिचा घोटा मोडतो. तिला घरी बसवणे ही आपली सोय आहे, तिचा उपचार नव्हे. उजवा पाय तयार नसेल तर पहिले दोन आठवडे रेल्वेने फिर, गाडी शेवटच्या आठवड्यात घे, असा पर्याय देता येतो. दोन गावांमधले अंतर निम्मे करता येते. दर तासाला उतरून चालायला सांगता येते. संध्याकाळी पायाला सूज येते तेव्हा गाडी दुपारी तीनपर्यंतच चालवायची असे ठरवून देता येते. फक्त त्यासाठी तिच्याशी पाच मिनिटे जास्त बोलावे लागते.

आणि लिहून द्यावे लागते. ‘तंदुरुस्त आहे’ असे प्रमाणपत्र देताना आपला हात थांबतो, आणि तो थांबणे बरोबरच आहे. पुढच्या अपघाताची हमी कोणी द्यावी? पण हमी कोणी मागितलेलीच नाही. आपण जे पाहिले ते तारीख घालून लिहावे: निदान, शस्त्रक्रियेचा दिवस, आत कोणता धातू आहे, पायावर किती वजन टाकायला परवानगी आहे, ब्रेक-चाचणीत काय दिसले, औषधांची मूळ नावे, पुढचा क्ष-किरण कधी. स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या एखाद्या आपत्कालीन विभागात रात्री अकराला ही इंग्रजीतली एक चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असेल तर तिथल्या डॉक्टरचा तासभर वाचेल. बहुतेक प्रवास विम्यांत वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध केलेल्या गोष्टींना संरक्षण नसते. म्हणून आपला सल्ला कागदावर असणे हे रुग्णाच्याही हिताचे आहे.

गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक खासगी अस्थिरोग दवाखान्यात डिस्चार्ज कार्डावर आहार, ड्रेसिंग आणि पुढची तारीख यांचे रकाने असतातच. माझी आपणा सर्वांना विनंती आहे की पायाच्या रुग्णांच्या कार्डावर आणखी एक रकाना या महिन्यापासून छापून घ्या: ‘वाहन चालवणे – कोणत्या तारखेपासून, कोणते वाहन, कोणी तपासले.’ आणि तो रिकामा सोडू नका.